हात शाबूत आहेत

ताई,
आम्ही राजापूर तालुक्यातले. एप्रिलच्या शेवटी आंबे काढताना हे कलमावरून पडले. पाठीच्या कण्याला मार, डी-५ लिहिलंय. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसवले. छातीखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत. वय ३६. घरी येऊन चार महिने झाले. लघवीची नळी तेव्हापासून तशीच आहे, तीनदा थंडीताप येऊन गेला. माकडहाडावर रुपयाएवढी जखम आहे, भरतच नाही. मध्येच डोकं फुटेल असं दुखतं, तोंड लाल होतं, कपाळाला घाम सुटतो. डॉक्टर बीपी १६० आहे म्हणतात, गोळी देतात. पाय आपोआप उडतात, सासूबाई म्हणतात ताकद परत येतेय. दीर म्हणतात स्टेम सेलची इंजेक्शनं घेऊया, साडेचार लाख लागतील, जमिनीचा तुकडा काढू. गणपतीला सगळे मुंबईहून आले, पण हे खोलीबाहेर आले नाहीत. भजनात पखवाज वाजवायचे, आता कुणी भेटायला आलं की तोंड भिंतीकडे करतात. मुलगी पाच वर्षांची आहे. मी रात्री दोन-दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते. आणखी एक विचारायचं होतं, नवराबायकोचं, पण लिहवत नाही. काय करू?
— एक वाचक, राजापूर

तुमचं पत्र वाचून आधी त्या डोकेदुखीचं लिहिते आहे. बाकीचं चार दिवसांनी केलं तरी चालेल, हे नाही.

मज्जारज्जूला डी-६ (छातीच्या भागातल्या मणक्यांपैकी सहावा) किंवा त्याच्या वर इजा झाली असेल, तर हा त्रास होऊ शकतो. डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीखाली कुठेतरी काहीतरी टोचत असतं, ताणलं जात असतं, तुंबलेलं असतं. माणसाला ते कळत नाही, कारण निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. पण खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब झरकन चढतो. तोंड लाल होणं, कपाळाला घाम, ठणकणारं डोकं ही त्याचीच लक्षणं. अशा इजेनंतर वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपासच राहतो. त्यामुळे १६० हा आकडा तुमच्या यजमानांसाठी फार मोठा आहे. दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि नुसत्या रोजच्या गोळीने हे सुटत नाही, कारण शोधून दूर करावं लागतं. (गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.)

डोकं दुखायला लागलं की आपण माणसाला आडवं करतो. इथे नेमकं उलट करायचं. ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा. नाडी, पट्टा, घट्ट आतले कपडे, पायाला बांधलेली पिशवी, सगळं सैल करा. मग लघवीची नळी पाहा: पिळवटली आहे का, अंगाखाली दाबली आहे का, पिशवी भरली आहे का, नळीत गाळ अडकला आहे का. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. तिथे काही नसेल तर संडास तुंबला आहे का, आणि त्यानंतर जखम, आत वळलेलं नख, चादरीखाली राहिलेली एखादी टोचणारी वस्तू. दर दोन-तीन मिनिटांनी बीपी मोजा. कारण सापडलं नाही किंवा आकडा उतरला नाही, तर बसवलेल्या स्थितीतच दवाखान्यात न्या. घरात बीपीचं डिजिटल यंत्र हवंच.

ही माहिती तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक डॉक्टरला असेलच असं नाही. म्हणून एका कार्डावर लिहून ठेवा: इजा डी-५, एरवीचा रक्तदाब किती, ‘डोकेदुखी आणि घाम आल्यास ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा विचार करा, आधी मूत्राशय तपासा’. त्याला प्लास्टिक करून घ्या आणि ते यजमानांच्या खिशात राहू द्या. तुमच्या पर्समध्ये नको, त्यांच्या खिशात.

जखमेबद्दल एक अंदाज बांधते. टीव्ही बघता यावा, जेवता यावं म्हणून तुम्ही त्यांना पलंगावर उशा लावून अर्धवट बसवत असाल. जवळजवळ प्रत्येक घरात हे होतं आणि मायेपोटीच होतं. पण त्या स्थितीत अंग हळूहळू खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि हाड आतून पुढे सरकतं. माकडहाडावरची जखम भरत नाही त्याचं हे मोठं कारण असतं. जखम भरेपर्यंत तिच्यावर अजिबात भार नको. कुशीवर आणि पालथं, एवढंच. डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलायची नाही (त्या डोकेदुखीच्या वेळी उठवून बसवायचं, ते सोडून). मध्ये भोक असलेली रबरी रिंग कुणी आणून दिली असेल तर ती बाजूला ठेवा. ती भोवतालचा रक्तपुरवठा तोडते.

एअर बेड असेल तर त्याच्याखाली चार इंचांचा चांगला फोम हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. पंप बंद पडला की हवा उतरते आणि माणूस थेट फळीवर येतो. त्याला ते कळतही नाही. जखमेत स्पिरिट, हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड काही घालू नका. सलाइनने धुवायची आणि डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी लावायची. आत पोकळी लागत असेल, हाड दिसत असेल, काळं पडलं असेल किंवा घाण वास येत असेल, तर सर्जनला दाखवायला उशीर करू नका. आणि ताटात प्रथिनं हवीत: अंडी, मासळी, कुळथाची पिठी, डाळ. हिमोग्लोबिन तपासून घ्या. तंबाखू असेल तर ती सोडायला याहून मोठं कारण नाही. सासूबाई गरम विटेचा शेक देत असतील तर त्यांना हात जोडून थांबवा. जिथे कळत नाही तिथे भाजलेलंही कळत नाही.

आता लघवीची नळी. पाठीच्या कण्याची इजा झालेली माणसं एके काळी मुख्यतः किडन्या निकामी होऊन दगावत. ते चित्र बदललं ते मूत्राशयाच्या नीट निगेमुळे. १९७२ साली अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं की दर काही तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून घ्यायची, हे माणूस घरी स्वतः करू शकतो. त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. आज जगभर पहिली पसंती याच पद्धतीला आहे. साधारण चार ते सहा तासांनी एकदा, आणि एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर लघवी साठू द्यायची नाही. पाणी दिवसभरात थोडं थोडं, दीड ते दोन लिटर. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारे लोक मी पाहिले आहेत, ते करू नका.

कायमची नळी घरी उपसून काढायची नाही हे आधीच सांगते. रत्नागिरी किंवा कोल्हापूरला यूरॉलॉजिस्टकडे जा, सोनोग्राफी करा, मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी लागेल का विचारा, आणि नळी घालायला शिकवा म्हणून स्पष्ट सांगा. शिकायचं यजमानांनी. डी-५ ला हात पूर्ण चांगले असतात. ‘मी शिकते, मी करेन’ असं तुमच्या तोंडावर येईल, ते गिळा. किडन्यांची सोनोग्राफी पुढे दर वर्षी करायची. आणि लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरून अँटिबायोटिक घेऊ नये. ताप, थंडी, पाय नेहमीपेक्षा जास्त उडणं, डोकेदुखी यांपैकी काही असेल तर आधी लघवीचा कल्चर द्यायचा आणि मग औषध. उगाच घेतलेल्या औषधांनी पुढे खरी गरज लागेल तेव्हा काही लागू पडत नाही.

पाय उडण्याचं. सासूबाईंचं मन मोडायला मला जड जातंय. घाटात दरड कोसळली की वरची वाहतूक खाली येत नाही, पण घाटाखालच्या गावांत गाड्या आपापल्या फिरतच असतात. इजेच्या खालचा मज्जारज्जू तसाच जिवंत आहे. तो पाय हलवतो, पण मेंदूच्या सांगण्यावरून नव्हे. सुरुवातीचे काही आठवडे सगळं लुळं असतं, मग हे झटके सुरू होतात. ती ताकद नाही. उलट ते अचानक वाढले तर कुठेतरी बिघाड आहे, जंतुसंसर्ग, जखम, बद्धकोष्ठ, असं समजून शोधायचं. सुधारणेबद्दल खरं उत्तर हवं असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘इजा पूर्ण आहे की अपूर्ण? एएसआयए ग्रेड ए, बी, सी की डी?’ बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते आणि अपूर्ण इजेत ती जास्त होते. छातीच्या पातळीवर ग्रेड ए, म्हणजे पूर्ण इजा, असेल तर चालणं परत येण्याची शक्यता फार थोडी. हे कागदावर उतरवताना मला वाईट वाटतंय, पण जमिनीचा तुकडा विकण्याची वेळ आली आहे तेव्हा गोड बोलून चालणार नाही.

म्हणून साडेचार लाखांबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की स्टेम सेलचा मान्य उपचार फक्त रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांत आहे. बाकी सगळं मंजूर संशोधनातच व्हायला हवं, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. पाठीच्या कण्याच्या इजेवर पैसे मोजून इंजेक्शन देणारा कुणी भेटला, तर एवढ्यावरूनच ओळखा. दिरांची तळमळ खरी आहे. ती तळमळ मापाची व्हीलचेअर, चांगली कुशन आणि संडासाच्या दाराकडे वळवा. साधं दार दोन फुटांचं असतं, खुर्ची त्यातून जात नाही. ३२ इंच लागतात. आणि तुमच्या घराचं जोतं तीन फूट उंच असेल तर रॅम्प ३६ फुटांचा होतो, एका फुटाला बारा फूट या हिशेबाने. सरळ जमला नाही तर अंगणातून वळवून घ्या. हे काम साडेचार लाखांच्या आत बसतं आणि ते वाया जात नाही.

यजमान कुणाला भेटत नाहीत, याला तुम्ही पत्रात दोनच ओळी दिल्या आहेत. मला ते सगळ्यात मोठं वाटतं.

भेटायला येणारे काय करतात, ते जरा आठवा. डोळ्याला पदर लावतात. ‘कसा होता आणि काय झालं’ म्हणतात. नाहीतर मोबाइलवर मुरलीकांत पेटकरांची गोष्ट दाखवतात. पेटकर सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्या दोन सालांमध्ये सात वर्षं आहेत, आणि दाखवणारा फक्त पदक दाखवतो. पाचव्या महिन्यात, जखम वाहत असताना, माणसाला पदक बघून बळ येत नाही. आपण कमी पडलो एवढंच वाटतं.

त्यांना हवा आहे तो असा माणूस, ज्याची स्वतःची इजा डी-५ च्या आसपासची आहे, जो सकाळी उठून स्वतःची नळी घालतो, स्वतःचा संडास उरकतो आणि मग कामाला जातो. लग्नाच्या पंगतीत पँट ओली झाली तर काय करायचं, खुर्चीवरून खाली पडलो तर परत वर कसं यायचं, रात्री झटक्यांनी झोपमोड होते तेव्हा काय करायचं, हे मी कितीही शिकवलं तरी माझ्या तोंडून ते ऐकीव असतं. त्याच्या तोंडून नसतं. या कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि औषधांनी, व्यायामांनी जे हललं नाही ते अशा एका भेटीने हललेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तरुण वयात पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळ्या, झाल्या आणि पार खचल्या होत्या. त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तेही पॅराप्लेजिक, स्वतःचा उद्योग सांभाळणारे, गाडी चालवणारे. ती भेट त्यांना पुरली. पुढे १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ दी हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं काम तुमच्या शेजारच्या सिंधुदुर्गातही पोचलं. मुंबईत डॉ. केतना मेहता यांचं नीना फाउंडेशन आहे. १९९५ मध्ये पॅराग्लायडिंग करताना त्यांच्या कण्याला इजा झाली आणि २००१ पासून ही संस्था खास पाठीच्या कण्याची इजा झालेल्यांसाठी काम करते. रत्नागिरीत आरएचपी फाउंडेशन आहे, तेही पॅराप्लेजिक आणि इतर दिव्यांगांसाठीच. सुरुवात इथून करा, ते तुमच्या बोलीतले आणि हाकेच्या अंतरावरचे आहेत. ‘डी-५ चा, घरी राहून कामधंदा करणारा कुणी आहे का, आमच्याकडे येऊन तासभर बसेल का’, एवढं विचारा. तो आला की तुम्ही चहा द्या आणि खोलीबाहेर जा. त्यांचं बोलणं दोघांतच होऊ दे.

शिवाय मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, केंद्र सरकारची. ऑपरेशन म्हणजे हाडाची दुरुस्ती झाली. बसायचा तोल, खुर्चीतून पलंगावर जाणं, नळी, संडासाची ठरलेली वेळ हे शिकण्याचं पुनर्वसन तुमच्या यजमानांचं झालेलंच दिसत नाही. जखम आटोक्यात आली की तिथे दाखल होता येईल का ते विचारा. काही आठवडे लागतील. तिथे आजूबाजूच्या खाटांवर असेच लोक असतात, हा औषधाहून मोठा फायदा.

पखवाजाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. हात चांगले आहेत, धडाचा तोल नाही. उंच पाठीची खुर्ची, छातीला पट्टा आणि तोल शिकण्याचे काही महिने, मग ते वाजवू शकतील. आज नाही. आज बसवलं तर जखम चिघळेल. भजनाच्या मंडळींना मात्र हे कळवा, म्हणजे ते ‘बिचारा’ म्हणायचं सोडून ‘केव्हा येतोस’ असं विचारतील.

तुमच्या झोपेचं. पोटावर झोपण्याची सवय झाली की बरेच जण चार ते सहा तास न उठता झोपू शकतात. छाती, मांड्या आणि नडग्यांखाली उशा, गुडघे आणि पावलं अधांतरी. आधी अर्धा तास, मग तास, आणि प्रत्येक वेळी उठल्यावर कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर वेळ वाढवायची नाही. पलंगाला कठडा लावला की कूसही ते स्वतः बरीचशी बदलतील. कातडी बघण्याचं कामही त्यांचंच, आरशात किंवा मोबाइलवर फोटो काढून, सकाळ-संध्याकाळ. पाय मात्र हळू उचला. हाडं ठिसूळ होत जातात, मोडली तरी दुखत नाही. एक पाय अचानक सुजला, गरम लागला, तर रक्ताची गुठळी किंवा फ्रॅक्चर असू शकतं. चोळायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना.

हे सगळं त्यांच्यावर सोपवताना तुम्हाला आपण निष्ठुर झालो असं वाटेल. त्यांनाही चिडचिड होईल, पहिल्या दिवशी नळी सांडेल, चादर भिजेल. तरी सोपवा. गेले चार महिने त्यांच्या अंगाचं सगळं दुसरं कुणीतरी करतंय. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं यात मला नवल वाटत नाही. आणि झोप, जेवण उडालं असेल, मरणाची भाषा येत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांची भेट टाळू नका. नैराश्य या इजेत खूप दिसतं आणि त्यावर औषध आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मग तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून रॅम्प किंवा संडासासाठी लेखी मागणी करा. सातबारावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा. मुदत उलटली असली तरी दवाखान्याचे कागद जोडून अर्ज द्या. ही धावपळ दिरांना द्या, त्यांना काहीतरी करायचंच आहे.

आणि जे तुम्हाला लिहवलं नाही ते. हा प्रश्न विचारण्यात लाज नाही, तुम्ही दोघं तिशीतले आहात. या इजेत पुरुषांना स्पर्शाने ताठरता येऊ शकते, नाही आली तर औषधं आहेत. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण डिसरिफ्लेक्सियासाठी दवाखान्यात नायट्रेट हे रक्तदाब उतरवणारं औषध दिलं जातं आणि ही दोन औषधं एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक उतरतो. जवळिकीच्या वेळीही तीच डोकेदुखी उठू शकते, तेव्हा थांबायचं आणि उठवून बसवायचं. आधी मूत्राशय रिकामं केलेलं बरं. दुसरं मूल हवं असेल तर तेही वैद्यकीय मदतीने अनेकांना होतं. यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा दिरांना बाहेर बसवा, दोघंच आत जा आणि हा प्रश्न यजमानांनी स्वतःच्या तोंडाने विचारू दे.